फ्रान्सच्या बाकावर

॥ श्री ॥
आयसेलिन, न्यू जर्सी
१९ जानेवारी २००३

ती. दादास,
लतिकाचा सा. न. वि. वि.

बॉथेलच्या पावसाला शिव्या घालण्याइतका दम तुझ्यात आहे, असं रुपालीने सांगितलं. म्हणजे तब्येत ठीकच आहे. सुनेला फार छळू नकोस. फोनवर तू धड बोलत नाहीस आणि ईमेलला हात लावत नाहीस, म्हणून हे पत्र.

दादा, नकुलने सैन्यात नाव घातलंय. आमच्या नकुलने! कॉलेजचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून. ओक ट्री रोडवर साडी फॉलला देऊन मी घरी आले, तर हा स्वयंपाकघरात उभा. भाजी काय आहे विचारावं तसं सांगितलंन, की सही करून आलो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ट्रेनिंगला नेतील. तोवर माघार घेता येते, हे ह्यांनी वकिलाला विचारून घेतलंय, पण ती नकुलने घ्यायला हवी. हे तर त्याच्याशी बोलतच नाहीत, गॅरेजमध्ये जाऊन पुसलेलीच गाडी पुन्हा पुसत बसतात.

न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्यात त्याच्या मित्राचे, टोनीचे वडील गेले, तेव्हापासून पोराच्या डोक्यात हे घोळत होतं. आता टीव्हीवर रोज एकच रेकॉर्ड: हिटलरला वेळीच अडवलं नाही म्हणून महायुद्ध झालं, तेव्हा आता इराकच्या हुकूमशहाला अडवा. नकुल तेच पोपटासारखं म्हणतो. तू पस्तीस वर्षं हाच इतिहास शिकवलास आणि तुला तो मानतो. ते महायुद्ध खरं कसं झालं, ते त्याला लिही. युद्ध म्हणजे काय हे कळलं तर जाणार नाही. माझं पोर घरात राहू दे, मला दुसरं काही नको.

घरी सर्वांना आठवण. उत्तराला उशीर लावू नकोस.
तुझी,
लतिका

*

बॉथेल, वॉशिंग्टन
२६ जानेवारी २००३

चि. सौ. लतिकास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना चहा निवला. रुपालीने तो मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा तापवून दिला. या देशात चहालाही इज्जत नाही.

हिटलरला अडवलं नाही म्हणून युद्ध झालं! वा रे वा! टीव्हीवरच्या टायवाल्यांचं महायुद्ध एका वाक्यात उरकतं. आपल्याकडची गाइडं तरी बरी म्हणायची, दहा मार्कांना पाच कारणं द्यायची. त्यातलं दुसरं कारण ‘हुकूमशहांचा उदय’. उदय म्हणे! जशी काही सकाळ झाली आणि हे उगवले. उगवले नाहीत, आणून बसवले. इटलीत राजाने बोलावून खुर्ची दिली. जर्मनीत आधी नोटांची रद्दी झाली, मग नोकऱ्या गेल्या, चिडलेल्या लोकांनी मतं दिली, आणि वरच्या मुत्सद्द्यांनी, हे ध्यान आपण खिशात ठेवू अशा गमजा मारत त्याला चॅन्सेलर केलं. दीड-दोन वर्षांत खिसाही त्याचा झाला.

मग सुरू झाली जमिनींची भूक. जपानने मांचुरिया घेतला, तेव्हा राष्ट्रसंघाने काय केलं? समिती नेमली! सोसायटीच्या गळक्या टाकीसाठी नेमतात तशी. समितीने अहवाल दिला आणि जपान सभेतून उठून चालता झाला. इटलीने ॲबिसिनियावर विषारी वायू सोडला, तेव्हा व्यापारबंदी घातली, पण तेल वगळून. म्हणजे चोराची भाकरी बंद आणि शिडी चालू. छत्तीस साली जर्मन फौज करार मोडून ऱ्हाइनलँडमध्ये शिरली. पलीकडे फ्रान्स केवढी मोठी फौज घेऊन उभा होता. फ्रेंच पुढे आले तर मागे फिरा, असा जर्मनांना हुकूम होता म्हणतात. फ्रान्स मूग गिळून बसला. पुढे ऑस्ट्रिया गेला. मग म्युनिकला चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडायचं ठरलं, आणि चेक लोकांना त्या बैठकीत घेतलंसुद्धा नाही. पोलंडच्या वेळी साहेबांना जाग आली, तोवर रशियाही वाटणीला येऊन बसला होता.

हे नकुलला वाचून दाखव. महायुद्ध एका वेड्याने केलं नाही. हेच शेवटचं, असं दर वेळी म्हणत मागे सरकणाऱ्या शंभर शहाण्यांनी ते होऊ दिलं. माझ्या मते वेड्यापेक्षा हे शहाणे जास्त नालायक.

शशिकांतरावांना म्हणावं, गाडीचा रंग जाईल.
तुझा,
दादा

*

आयसेलिन
५ फेब्रुवारी २००३

ती. दादास सा. न.

काय केलंस रे हे! आग विझवायला बादली मागितली, तर तू तीत तूप भरून पाठवलंस.

तुला आठवतंय का? दहा वर्षांपूर्वी जुलैत आम्ही पुण्याला आलो होतो, आणि तू कौतुकाने नकुलला तुझ्या नववीच्या वर्गात नेऊन बसवलं होतंस. तुझी ती जगावेगळी पद्धत! प्रत्येक बाक म्हणजे एक देश. तू एकेक आक्रमण सांगायचास, आणि ज्याने अडवायला हवं होतं त्या बाकाने उठायचं. माझ्या दहा वर्षांच्या पोराला तू फ्रान्स दिलास. त्याला तुझं मराठी झेपेना, तो बसून राहिला. त्यावर तू भर वर्गात ओरडलास, की तुझ्या या बसण्यापायी सहा कोटी माणसं मेली. वर्ग हसला, आणि हा घरी येऊन माझ्या कुशीत मुसमुसला. मला वाटलं, विसरला असेल. कुठला विसरतोय!

तुझं पत्र मी वाचून दाखवलं तर त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, मनात थोडी धाकधूक होती तीही मामाने घालवली, या वेळी फ्रान्स बसून राहणार नाही. तुला थँक्स सांगितलेत. घे! आणि आता तूच निस्तर.

रागावलेली,
लतिका

*

बॉथेल
१३ फेब्रुवारी २००३

चि. नकुल यास आशीर्वाद. हे आईकडून वाचून घे.

तुझे थँक्स मिळाले. ते परत घे.

माझ्या वर्गात उठण्याआधी एक प्रश्न विचारायचा असे. तो तुझ्यापर्यंत पोचलाच नाही असं दिसतं. कोणाची फौज कोणाच्या हद्दीत चालली आहे? आधी हे बघायचं, मग उठायचं. बगदादचा माणूस सज्जन आहे असं मी म्हणत नाही, नंबरी हुकूमशहा आहे. त्याने कुवेत गिळलं तेव्हा जग उठलं आणि त्याला हाकललं, ते योग्यच झालं. आज तो कोणाच्या देशात शिरलाय? नकाशा घे आणि बोट ठेव. आणि आज हद्द ओलांडायला कोण निघालंय, तिथेही बोट ठेव. या देशाला मी जर्मनी म्हणत नाही. माझा राजेश इथे राहतो, त्याची मुलं इथली आहेत, मी इथलं मीठ खातो. पण म्युनिकचं नाव घेतलं की कोणाच्याही घरात शिरायचा परवाना मिळतो, ही अक्कल तुला कोणी शिकवली? मी तर नाही.

आणि चार आठवड्यांत संपेल असं सांगणाऱ्यांवर तर मुळीच भरवसा ठेवू नकोस. पहिल्या महायुद्धाला चौदा साली गेलेली पोरंही नाताळला घरी यायची होती. हे वर्षानुवर्षं चालेल, लिहून ठेव. मरतील ती टीव्हीवर बोलणाऱ्यांची पोरं नसतील. सही मागे घे. त्यात कसली लाज नाही.

मामा

*

आयसेलिन
९ मार्च २००३

ती. दादास सा. न.

नकुल मंगळवारी गेला.

तुझं पत्र त्याने तीनदा वाचून घेतलं. खरंच ॲटलास काढला आणि बोट ठेवलं. मग म्हणाला की मामाचं सगळं बरोबर आहे. मी देवापुढे साखर ठेवायला उठले. तेवढ्यात म्हणाला, पण टोनी जाणारच आहे, त्याच्याबरोबर सही केली आहे, आणि त्याला एकट्याला पाठवून मी घरात जेवत बसू शकत नाही. मी रडले, भांडले, नको नको ते बोलले. ऐकला नाही. निघताना ह्यांनी त्याचा हात जो धरला तो सोडेचनात. न्यायला आलेला सार्जंट बिचारा गाडीत थांबून राहिला.

दादा, तुझा एकही मुद्दा चुकला नाही. नकुल प्रत्येक मुद्द्याला हो म्हणाला आणि गेला. तुझी ती हुशारी आता मी कुठे घालू?

पत्ता खाली देते. तिथे फोन जवळजवळ नाहीच, कागदावरचीच पत्रं मिळतात. लिही त्याला. पण मास्तर होऊन लिहू नकोस.

लतिका

*

बॉथेल
३० मार्च २००३

चि. नकुल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तिथे वाचून दाखवायला आई नाही, तुला अक्षरं लावत वाचावं लागेल, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय. एखादं जोडाक्षर अडलं तर सोडून दे, फार काही बुडणार नाही.

इथे पाऊस आहे. रुपालीने काल आमटी केली होती, जरा अगोड झाली, पण मी काही बोललो नाही. राजेशला वाटलं मला बरं नाही. तुला तिथे पोटभर देतात का? पायाला फोड आले असतील तर आईला कळवू नकोस, मला कळव.

टीव्हीवर युद्ध सुरू झालंय. तुझं ट्रेनिंग व्हायला अजून अवकाश आहे, एवढं मनाशी धरून मी तो बंद करतो. पस्तीस वर्षं मी वर्गात कधी खोटा पडलो नाही, त्याचा मला माज होता. तुला लिहिलं होतं ना, की हे वर्षानुवर्षं चालेल? आता रोज आंघोळ झाली की हात जोडून एकच मागतो. हा देवदत्त मास्तर खोटा पडू दे. तू तिथे पोचायच्या आत सगळं संपू दे. सगळ्यांनी मला हसू दे, टायवाल्यांनीसुद्धा.

तूही हस. पण इथे ये, माझ्यासमोर बस, आणि हस.

खोटा पडायची वाट बघणारा,
तुझा मामा