वेगळ्या गंजातल्या घुगऱ्या

माय, तुझं दुखणं गेल्या रविवारी सापडलं. आदिलाबादला एका हॉटेलच्या हॉलमध्ये सापडलं. एसी इतका थंड की अर्धे डॉक्टर हात काखेत घालून बसलेले, आणि मागच्या भिंतीशी जेवणाची मोठी भांडी मांडून ठेवलेली. आम्हा डॉक्टरांना अधूनमधून असं शिकायला बसावं लागतं. त्याचे गुण मिळतात, आणि गुण साठले नाहीत तर नोंदणी पुढे चालू राहत नाही. ह्या वेळचा विषय अन्ननलिका आणि छातीतली जळजळ, आणि सगळा खर्च गॅसच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीचा, म्हणजे बघ. मी गुणांसाठी गेलो होतो, खोटं कशाला सांगू. पहिला तासभर बहुतेकांनी मांडीवर फोन ठेवून पाहिला, तसा मीही पाहिला.

मग हैदराबादहून आलेल्या पोटाच्या डॉक्टरनं पडद्यावर एक एक्स-रे लावला. पांढरं औषध पाजून काढलेला, एका बाईचा. वरची अन्ननलिका फुगून मनगटाएवढी झालेली आणि पोटाच्या तोंडाशी एकदम दोऱ्यासारखी बारीक. तो म्हणाला, इथलं दार उघडतच नाही, त्यामुळे घास नळीतच पडून राहतो. अशी माणसं वर्षानुवर्षं गॅसच्या गोळ्या खातात, कारण ती छातीत अडकतं म्हणतात आणि आपण जळजळ ऐकतो. त्यांना विचारा, तो म्हणाला, वर आलेलं अन्न आंबट लागतं का. पोटातून परत आलेलं अन्न आंबट लागतं. हे पोटात पोचलेलंच नसतं, म्हणून जसं गिळलं तसं बाहेर येतं. मी फोन खिशात ठेवला.

कारण हे मी ऐकलेलं होतं, तुझ्याच तोंडून. आपल्या बेला गावातल्या घराच्या मागच्या ओट्यावर तू आणि काकू तांदूळ निवडत बसला आहात, मी आसपास खेळतो आहे, आणि तू काकूला सांगते आहेस, "आंबट बी नाई लागत वं. जसंच्या तसं येते." तू आमचं सगळ्यांचं झाल्यावर जेवायचीस, आणि बसून नाही, उभ्यानं. एक घास, त्यावर पाणी, मग दोन्ही हात वर करून, मान मागे टाकून, खांदे ताणून तू तो घास खाली ढकलतेस. मला तो खेळ वाटतो, मीही तुझ्यामागे हात वर करून उभा राहतो आणि तू हसतेस. सकाळी तुझ्या उशीवर भाताची शितं असतात. पुढे तर तुला आडवं होता येईना. कापूस वेचून घरात भरला की त्या खोलीत ढिगाला टेकून तू बसल्याबसल्या झोपायचीस. बाबांनी तुला शहरात दाखवलं, तिथून गोड पांढऱ्या औषधाची बाटली आली, ती संपली, दुसरी आली. तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

त्यातच काकूच्या धाकट्याचं बारसं आलं. शेजारचंच घर, सख्खी जाऊ, तू दोन दिवस आधीपासून तिकडेच राबत होतीस. बारशाच्या घुगऱ्या वाटल्या तेव्हा काकूनं तुला चुलीजवळ बोलावलं आणि वेगळ्या गंजातून, एका लहान पातेल्यातून, वाढलं. तिच्या हातच्या होत्या म्हणून तू खाल्ल्यास, नाहीतर बाहेर काही खाणं तू केव्हाच सोडलं होतंस. आणि दोन दिवसांनी बाबा तुला पैनगंगेपलीकडे त्या बाईकडे घेऊन गेले. आपल्याकडे सगळे तिच्याकडेच जात. ती मंदू काढायची. तेलुगूत मंदू म्हणजे साधं औषध, पण आपल्या भागात कोणी वैरानं कोणाला अन्नातून काही खाऊ घातलं तर त्याला मंदू म्हणतात. ती पाल्याचा रस पाजून ओकारी काढायची आणि बाहेर आलेलं सगळ्यांना दाखवायची. मी तिथं होतो, तुझा पदर धरून उभा होतो. परातीत घुगऱ्या पडल्या, अख्ख्या, फुगलेल्या, दोन दिवसांपूर्वीच्या. बघायला जमलेल्या बायका मागे सरकल्या.

"ह्या कोनाच्या घरच्या वं?" त्या बाईनं विचारलं.

"जावंच्या."

"साऱ्याईच्या गंजातल्या, का येगळ्या?"

तू थांबलीस. ते थांबणं मला आजही दिसतं. मग तू म्हणालीस, "येगळ्या गंजातल्या."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि खरंच झालं. आपण नदी ओलांडून घरी पोचायच्या आधी गोष्ट गावात पोचली होती.

त्यानंतर एकदा शाळेतून येताना काकूनं मला हुरडा दिला. मी खात खात घरात शिरलो. तू माझं तोंड उघडलंस आणि घशात बोटं घालून सगळं ओकायला लावलंस. तुझ्या बोटांना राख आणि तिखट लागलेलं होतं. मी रडत होतो आणि तू माझ्यापेक्षा जास्त रडत होतीस. "तिच्या हातचं खाशीन तं माहं मेलं तोंड पायशीन," तू म्हणालीस. मी नंतर कधी खाल्लं नाही, तरी मेलं तोंड पाहिलंच. थंडीत तुला खोकला लागला, ताप चढला, आठवड्याच्या आत तू गेलीस. काकू अंगणात उभी होती. तिला आत येऊ देऊ नका, हे तुझं शेवटचं बोलणं. अडकलेलं अन्न फुफ्फुसात उतरतं, त्या डॉक्टरनं तेही रविवारी सांगितलं, सहज, पुढचं चित्र लावता लावता.

प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी उठलो. विचारलं, दोन दिवसांपूर्वीचं अन्न अख्खंच्या अख्खं बाहेर येऊ शकतं का. तो हसून म्हणाला, दोन दिवस काय घेऊन बसलात, लग्नातलं जेवण पुढच्या आठवड्यात निघालेलं मी पाहिलंय. हॉल हसला. उपाय काय, तर फुगा घालून ते दार ताणायचं, किंवा दुर्बिणीतून तिथला स्नायू कापायचा. तुझ्या काळातही ह्याचं ऑपरेशन मोठ्या शहरात होत होतं. हे मी कॉलेजात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही असेल. पण पुस्तकातल्या आजाराला कापसाच्या ढिगाला टेकून बसलेली बाई नव्हती, म्हणून मला तू दिसली नाहीस. शेजारचा डॉक्टर म्हणाला, चला, बिर्याणी थंड होईल. मी गेलो आणि व्यवस्थित जेवलो.

राग नंतर आला, घरी परतताना. त्या पाल्याच्या रसवालीचा नाही, तिचा तो धंदा होता. तुझा आला. माय, तुझी नळी बिघडली होती, जीभ नव्हती. जिच्यापाशी तू सगळं बोलायचीस तिचं नाव तू घेतलंस, आणि मरताना ते तसंच ठेवून गेलीस. तू सुटलीस. ती मागे राहिली. गावातल्या पंगतीत काकूला कांदे चिरायला बोलावतात, पण तिच्या हातात वाढायची पळी कोणी देत नाही. बारशाला तिला बोलावणं नसतं. तिच्या पोरीची सोयरीक दोनदा मोडली, शेवटी पोर फार लांब द्यावी लागली. काका दारूत गेले. इतकी वर्षं आपल्या आणि तिच्या घरात चुलीचा विस्तवसुद्धा इकडून तिकडे गेला नाही. आणि ह्या सगळ्याचं कारण काय, तर अंगठीएवढा एक स्नायू उघडत नव्हता.

म्हणून मी परवा बेल्याला गेलो. काकू आता एकटीच असते, पोरं कामासाठी बाहेरगावी, ती पाठीत वाकली आहे, पण नजर साफ आहे. मला दारात बघून म्हणाली, "काऊन रे बापू, वाट चुकला का?" मी बसलो आणि सगळं सांगितलं. हातानं नळी कशी फुगते ते दाखवलं, दार कसं बंद राहतं ते दाखवलं. म्हटलं, काकू, मायला बिमारी होती, तुमच्या घुगऱ्यांनी काही झालं नव्हतं. मला वाटलं होतं ती रडेल. निदान डोळ्यांना पदर लावेल.

"थे तं मले मालूमच हाये," ती म्हणाली. "म्या काई घातलंच नोतं, तं मले मालूम नसन का? तू मले काऊन सांगून राह्यला? लोकाईले सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

"कोनाले सांगशीन आता? ऐकनारे सारे गेले. राह्यले त्याहिले ह्यातलं काईच मालूम नाई, फक्त माह्या हातचं खाचं नाई येवढं मालूम हाये."

मग मी तो प्रश्न विचारला जो त्या बाईनं विचारला होता. वेगळ्या गंजात का शिजवल्या?

 ह्याला एवढंही समजत नाही, असं काकूच्या तोंडावर होतं. "तुह्या मायले घास गियता येत नोता ना रे. घरात कोनाले दिसलं नाई, मले दिसे. म्हून तिच्यापुरत्या येगळ्या लावल्या, पार मऊ होयेपर्यंत. थ्या बी अडकल्या." आणि मग हळू म्हणाली, "तिनं सांगाले पायजे होतं, काऊन येगळ्या होत्या थे. तिले मालूम होतं."

माय, तुला माहीत होतं? ती परातीपुढची तुझी थांबण्याची घटका, त्यात हेच होतं का? मी गाडीत बसून हे पुष्कळ वेळा फिरवून पाहिलं. तुला भीती वाटली असेल, दुखण्याला एकदाचं काही नाव मिळालं म्हणून हायसं वाटलं असेल. मला काहीही पटत नाही, आणि तू सांगायला नाहीस.

काकू उठली आणि मला न विचारता ताट केलं. भाकर, वांग्याची भाजी, कडेला मिरचीचा ठेचा. मी हात धुऊन बसलो. एरवी पेशंटच्या घरी मी जेवतो, चहा तर रोज कुठेतरी पितो. भाकरीला हात लावला आणि हात तिथेच राहिला. का ते मला सांगता येत नाही. मी नुकतीच तिला सगळी नळी समजावून दिली होती.  काकूनं वाकून माझ्याच भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि खाल्ला. तिला त्याचं काही वाटलं नसावं. तिच्याकडे जो कोणी खायला बसतो त्याच्यासाठी ती हे करत असणार, इतका तिचा हात सवयीनं आला. मग ती पाणी आणायला आत गेली आणि मी जेवलो.

हे पत्र पाठवायला जागा नाही. तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायचो आणि तुला लागेल असं काही असलं तर गाळायचो. हेही वाचलं असतं, आणि काकूच्या घरी मी पोटभर जेवलो एवढंच तुला सांगितलं असतं. तिच्या घशाखाली तो घास उतरेपर्यंत मी बघत बसलो होतो, हे सांगितलं नसतं.