रूपसिंगचा टीव्ही आणि माझी रजई

बाभुळगाव,
जानेवारी २०१७

दोस्त रूपसिंग यास,

शकील गादीवाल्याचा राम राम आणि सलाम, दोन्ही (एक कमी पडला तर दुसरा धर). लालीभाभींची कंबर कशी आहे? पुण्याचं पाणी मानवलं का? इकडे आम्ही खुशाल. पत्र लिहायचं कारण असं की फोनवर मी मुद्द्यावर आलो की नेमका तुझ्याकडे आवाज कटतो. पत्राला ती सोय नाही.

मुद्दा तुझ्या टीव्हीचा. कापसाने लागोपाठ दगा दिला, तू तांडा सोडलास आणि जाताना हा पेटारा 'परत येईपर्यंत सांभाळ' म्हणून माझ्या दुकानात ठेवलास. मागच्या महिन्यात मात्र म्हणालास, "भंगारात देऊन टाक, आता कायले पाह्यजे." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. त्यात केबलवाला देवसिंग आला. जुनी केबल बंद होणार, सेटटॉप बॉक्स लागणार म्हणे. बॉक्सला लाल, पिवळी, पांढरी अशा वायरी, आणि तुझ्या टीव्हीला मागे भोक एकच. नवा पातळ टीव्ही घ्या, असं तो म्हणाला. आमच्या बेगमला, नसरीनला, तेवढंच हवं होतं. मी मात्र हट्टाने यवतमाळला जाऊन मध्ये जोडायची डबी आणली (दुकानदार आधी हसला, मग कीव येऊन त्याने ती माळ्यावरून काढून दिली).

डबी जोडली. चित्र आलं, पण मुंग्यांसकट. तू टीव्हीच्या उजव्या कुशीवर थापड मारायचास आणि चित्र सुधारायचं, हे सगळ्या गल्लीला पाठ. म्हणून मी मारली. नसरीनने मारली (ती बहुधा माझ्या वाट्याची होती). शेजारच्या रामराव मास्तरांनी तर 'सरका बाजूला' म्हणून अशी ठेवून दिली की चॅनेलचं बटणच गळून पडलं. मग धूर निघाला. देवसिंगने मागचं झाकण उघडलं तर आत कापूस. थंडीत टीव्हीने ओल धरू नये म्हणून मी त्याला मापाची रजई शिवली होती, खाली गादी घातली होती, आणि दिवसभर त्याच्या शेजारीच कापूस पिंजत होतो. देवसिंगने उशीभर कापूस बाहेर काढला आणि हसू दाबत, माझ्याकडे न बघता निघून गेला.

नसरीन मात्र हसली नाही. रजईची घडी घालत तिने विचारलं, "तुम्ही टीव्ही सांभाळून राह्यले का रूपसिंगभाऊले?"

हा टीव्ही भंगारात गेला की तू परत येणार नाहीस, असं माझ्या मनाने घेतलं आहे. मॅच लागली की तू थापडा मारायचास, मी बॉलरला शिव्या घालायचो आणि लालीभाभी आपल्या दोघांना. आता संध्याकाळ खायला उठते. करमत नाही रे. लिहून टाकलं, बरं वाटलं.

तुझा,
शकील

ता. क. : नवा पातळ टीव्ही गेल्या जुम्म्याला घरी आला. चित्र झकास आहे. नसरीनपेक्षा मीच जास्त बघतो, पण हे लालीभाभींना सांगू नकोस, त्या नसरीनला सांगतील.

आणखी ता. क. : कापूस काढल्यावर तुझाही टीव्ही सुरू होतो, मुंग्या तेवढ्या आहेत. भंगारात द्यायचाच असेल तर ते माझ्या हातून होणार नाही. होळीला तांड्यावर लेंगीची गाणी म्हणायला ये आणि तुझ्या हाताने देऊन टाक. मी अडवणार नाही. देण्याआधी एक थापड मात्र मारून बघ.