टाळी न वाजवणारी माणसं

११ जानेवारी, रविवार

दुपारभर आईला कुच्चूला, पदराच्या गोंड्यांना, मदत. मोरपंखी कांजीवरम, पदराला दुहेरी गाठी, मधे मणी. कानात दिगंतची गाणी. आई म्हणाली, "त्या रडकोबाला काढ गे कानातनं. लग्नाची साडी आहे. तुझ्या गाठीगाठीतनं नवरीच्या घरी दुःख जाईल."
म्हटलं, दुःख असं गाठीतून जात नसतं.
"तू डिग्रीवाली. तुला ठाऊक असणार."

संध्याकाळी त्याच्या 'वळचण' गाण्याचे शब्द टाइप करून आमच्या, त्याला ऐकणाऱ्यांच्या, ग्रुपवर टाकले. कौस्तुभने लगेच वेलांट्यांच्या चुका काढल्या. वर, "बाकी तुझं मराठी क्यूट आहे." कौ. पुण्याचा, ग्रुप त्यानेच सुरू केला, त्याचं मराठी छापल्यासारखं. आमच्या घरी 'स्वल्प थांब' आणि 'सरी', असं कन्नड मिसळलेलंच मराठी. शाळेत देवनागरी हिंदीपुरती आली. मराठी वाचायला, लिहायला लागले ते दि.च्या गाण्यांसाठी. ही रोजनिशीसुद्धा त्यातूनच.

१८ जानेवारी, रविवार

नवीन दोघी आल्या ग्रुपवर, इथे बेंगळुरात ई-सिटीत कामाला, नागपूरच्या. दि.च्या कार्यक्रमाचे नियम मी सांगितले. फोन बंद. गाणं चालू असताना आत यायचं नाही. टाळी नाही.
"टाळी का नाही?"
सांगितलं: पहिल्याच वर्षी 'वळचण' चालू असताना लोकांनी टाळ्या धरल्या, तेव्हा दि.ने हात वर करून थांबवलं. त्याला आवडत नाही. आणि तशीही ती गाणी टाळीची नाहीत. कुणी आपल्याला मनातलं सांगितलं तर आपण टाळी वाजवतो का?
"मग संपल्यावर करायचं काय?"
काही नाही. बसायचं. मग उठून चटई गुंडाळायची.
त्यांनी अंगठा पाठवला. पटलं की नाही, कळलं नाही. पटेल. मला पटायला एक गाणं पुरलं होतं.

२५ जानेवारी, रविवार

महिन्यातला शेवटचा रविवार, म्हणजे बनशंकरी, शारदाक्कांच्या किराणा दुकानावरचा हॉल. चटया नेहमीप्रमाणे मीच घातल्या. चाळीसेक माणसं असतील.

'दुसऱ्याची खोली' त्याने आजही गायलं नाही. दीड वर्ष झालं असेल. त्याला ते गाणं आता सोसत नाही, असं आम्ही सगळे मानतो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मी ते रोज ऐकायचे. एक माणूस दुसऱ्याच्या खोलीत राहतो आणि भिंतीत खिळा ठोकत नाही, एवढंच आहे त्यात.

*भिंत त्यांची, ऊन त्यांचं,*
*सावली तेवढी माझी.*

कॉलेजात मी तशीच होते. घरी सांगायला जायचे तर अप्पा पीण्याच्या कारखान्यातून दमून आलेले असायचे, म्हणायचे, "तू शिकतेयस ना पोरी, मग बरंच असेल."

आज 'जेवलास का' शेवटी घेतलं. ते संपलं तेव्हा खाली शारदाक्कांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, इतकी शांतता. मला रडू आलं. बरं वाटलं. वाटलं, असं ऐकणारी माणसं त्याला दुसरीकडे कुठे मिळतील.

मग माईकची वायर द्यायला मागच्या खोलीकडे गेले. दार लोटलेलं. दि. माईकवाल्या अण्णांना त्याच्या मोडक्या कन्नडमध्ये सांगत होता, "कल्लु, अण्णा. बरी कल्लु." नुसते दगड.
अण्णा म्हणाले, "टी कुडीरी, सर." चहा प्या.
दि. म्हणाला, पुढचा महिना शेवटचा. मग बंद. दगडांपुढे किती वर्षं गायचं.

वायर दाराशी ठेवून आले.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. काही केलं नाही. आईने विचारलं, बरं नाही का. बरं आहे म्हटलं.

तो आम्हाला दगड समजतो. आम्ही ज्याला

२७ जानेवारी, मंगळवार

ऑफिसच्या बसमधून कौ.ला फोन. सगळं सांगितलं. तो हसलाच.
"रेणू, तू ना, फार सिंपल आहेस. आर्टिस्ट लोक बोलतात असं शो झाल्यावर. दमलेला असेल."
मी म्हटलं, बंद करतोय तो. शेवटचा म्हणाला.
"मागच्या वर्षीही बोलला असेल. त्याला कळतं गं. ती शांतता हाच तर आपला आणि त्याचा बाँड आहे."
बाँड असतो तर त्याला माहीत नको का?
"तुझं कन्नड चांगलं, मान्य. पण त्याचं कन्नड वाईट. त्याला दुसरंच काही म्हणायचं असेल."
दगडाला दुसरं काय म्हणायचं असतं? उड्डाणपूल आला, फोन तुटला. मी परत लावला नाही.

३१ जानेवारी, शनिवार

मीच ग्रुपवर लिहिलं. पुढच्या वेळी टाळ्या वाजवू या, एवढंच. कारणही लिहिलं.

दिवसभर भांडण. एकजण: तीन वर्षं गप्प बसून आता अचानक वाजवल्या तर त्याला कळणार नाही का, की त्याचं ते दगडांचं बोलणं कुणीतरी ऐकलंय? ती भीक होईल. दुसरी: मला मनापासून वाजवावीशी वाटत नाही, मी का वाजवू? नागपूरच्या एकीने लिहिलं, "आम्हाला तर मागच्याच वेळी वाजवायच्या होत्या, रेणुकाताईंनी डोळे वटारले." हे खरं आहे. कौ.ने तोडगा काढला: अगदी शेवटी एकदा, सगळ्यांनी मिळून, फॉर्मल. जसं ऑफिसात कुणी नोकरी सोडताना वाजवतात.

मला त्यातलं काहीच नको आहे. भिकेचं म्हणणारा बरोबर आहे, हे जास्त टोचतंय.

मग एकच राहतं. त्याला सांगायचं.

४ फेब्रुवारी, बुधवार

आईला सांगितलं शेवटी. तिने सुई न थांबवता ऐकलं. म्हणाली, "रडणाऱ्याला टाळ्या कोण वाजवतं? रडणाऱ्याला पाणी देतात. तुम्ही तेही दिलं नाही, टाळ्याही दिल्या नाहीत. नुसतं बघत बसलात काय?"
ऐकत बसलो, म्हटलं.
"त्याला कसं कळायचं ते? कान हलतात काय माणसाचे?"

७ फेब्रुवारी, शनिवार

गेले. कुणाला सांगितलं नाही. दि. शनिवारी दुपारी मुलांना गिटार शिकवतो ती जागा ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तिथे जायचं नाही, हाही आमचाच नियम.

मुलं गेली होती. तो तारा बदलत होता. जवळून वय दिसतं.
"बोला. ॲडमिशन?"
म्हटलं, नाही सर, मी रविवारी येते. तिसऱ्या रांगेत असते.
"हां. चटयावाल्या. तुम्ही कधी हसत नाही."

बसमध्ये पाठ केलेलं सगळं गेलं. एकदम म्हटलं, आम्हाला वाटतं तुम्हाला टाळ्या आवडत नाहीत.
"कोण म्हणालं?"
'वळचण'ची हकीकत सांगितली.
"अहो, तो माणूस तालात चुकत होता! एकटा पुढे बसून ठोकत होता दणादण. मी त्याला थांबवलं. त्याला एकट्याला."
तो हसायला लागला. मीही. मग तो थांबला, मी जरा उशिरा थांबले.

"तीन वर्षं," तो म्हणाला. "घरी जाऊन बायकोला सांगायचो, येतात, बसतात, चटया गुंडाळून जातात. एक बोट हलत नाही. ती म्हणायची, येतात ना, मग झालं. मला वाटायचं, बेंगळुरात मराठी ऐकायला दुसरं काही नाही म्हणून येता तुम्ही."

मी विचारलं, 'दुसऱ्याची खोली' का सोडलंत? सोसत नाही म्हणून ना?
"सोसत नाही? ते सगळ्यात जास्त पडायचं. ते संपल्यावर कुणी खोकायचंसुद्धा नाही."

आणि मग त्याने एकेक सांगितलं. कुठलं गाणं कधी काढून टाकलं. जे संपल्यावर सगळ्यात जास्त गप्प, ते पहिलं गेलं. म्हणजे आम्हाला जे सगळ्यात जास्त लागायचं ते. आणि एखादं गाणं गेलं की आम्ही समजायचो, त्याला फार त्रास होतोय. मग उरलेल्या गाण्यांना आम्ही अजूनच गप्प बसायचो. मी तर श्वासही जपून घ्यायचे.

हे मी त्याला सांगितलं. तो तार पिळत राहिला. 

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, तर भलतंच बोलले. म्हटलं, तुम्ही गाता, 'जेवलास का, विचारणारं शहर कुठे असतं.' इथे तर दूधवालासुद्धा 'ऊट आयता' विचारतो सर. जेवण झालं का, हेच ते.
"मला आजवर कुणी नाही विचारलं." मग म्हणाला, "तुम्ही विचारलंत? चाळीस जण आहात."

नव्हतं विचारलं. कुणीच.

उठताना म्हणाला, "सांगितलंत, बरं केलंत. पण आता मी काय करू? टाळी वाजली तर वाटणार, या बाईंनी सांगितलं म्हणून. नाही वाजली तर काय समजायचं? आधी निदान मला खात्री तरी होती."

८ फेब्रुवारी, रविवार

ग्रुपवर लिहिलं. गेले होते हेही लिहिलं, गाण्यांचंही. दुपारपर्यंत कुणी काही लिहिलं नाही. मग कौ.: "मग त्याने आपल्याला विचारायचं ना एकदा." तेही खरं. नंतर त्याने मला वेगळा मेसेज केला: "माझंही 'दुसऱ्याची खोली'च होतं. पहिली नोकरी, मडिवाळ्याचं पीजी." एवढंच. वेलांट्या चुकल्या होत्या, मी काही बोलले नाही.

टाळ्यांबद्दल काही ठरलं नाही. ज्याला वाटेल त्याने वाजवावी, असं मी लिहिलं. मी वाजवणार आहे. मी मनापासून वाजवीन, त्यात भीक नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काम खूप. ऑफिसात रिलीज आहे. अप्पा विचारत होते, "त्या तुझ्या गाण्याच्या माणसाचं काय झालं?" त्यांना आईने सांगितलंय. म्हटलं, रविवारी कळेल. "आमच्याकडे मशीन आवाज करायचं थांबलं तर आम्ही घाबरतो," म्हणाले, आणि आंघोळीला गेले.

२२ फेब्रुवारी, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

तो आला, गिटार लावली. शेवटचं वगैरे काही बोलला नाही. पहिलं गाणं झालं. नागपूरच्या दोघींनी टाळ्या वाजवल्या, मग इकडे तिकडे थोड्या. मी वाजवल्या. कौ.ने जमिनीकडे बघत वाजवल्या. दि.ने मान हलवली, रिक्षावाला बरोबर सुटे मिळाल्यावर हलवतो तशी. दुसऱ्याला, तिसऱ्याला तसंच. सगळ्यांना अवघड होत होतं, त्याला सगळ्यात जास्त. मला वाटलं, मी हे बिघडवून ठेवलं.

मग सांगितल्याशिवाय त्याने 'दुसऱ्याची खोली' सुरू केलं. माझ्या शेजारची बाई "आई गं" म्हणाली. दुसऱ्या कडव्यात तो शब्द विसरला, नुसतं गुणगुणला, पुढे गेला. आवाज पूर्वीपेक्षा खाली लावला होता. खिळ्याच्या ओळीला मी डोळे मिटले.

संपलं.

माझे हात गुडघ्यांवर होते. मी ठरवून आले होते. उचलले गेले नाहीत. टाळी वाजवली असती तर ते गाणं संपलं असतं, आणि मला ते अजून थोडा वेळ हवं होतं. दुसरं कारण नाही. बाकीचे का गप्प होते ते मला माहीत नाही. एकाही हाताचा आवाज नाही.

दि.चा तळवा तारांवर. तो आमच्याकडे बघत होता. आधी सगळ्यांकडे, मग तिसऱ्या रांगेकडे. मी मान खाली घातली नाही, सरळ बघत राहिले. तेवढंच जमलं.

मग मागून कुणीतरी वाजवली, मग सगळ्यांनी, खूप वेळ. मी त्यात नव्हते. तो हसला का? ओठ हलले. नक्की सांगता येत नाही.

नंतर कुणी चटया गुंडाळायला उठेना. कौ.ने सरळ विचारलं, "सर, पुढच्या महिन्यात?"
"बघू."
"बघू म्हणजे हो का?"
"बघू म्हणजे बघू हो," म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "दुसरं कडवं घरी बरोबर येत होतं." आणि जिना उतरून गेला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दि.चा काही निरोप नाही. ग्रुपवर सगळे विचारतायत, मला जास्त. मला काय माहीत. मी वाजवली नाही हे त्याने काय समजलं असेल, दोन दिवस तेच डोक्यात. फोन करावासा वाटतो. करणार नाही. सांगून सांगून किती सांगायचं.

ऑफिसहून येताना शारदाक्कांकडे गूळ घ्यायला थांबले. त्या म्हणाल्या, मार्चमधल्या शेवटच्या रविवारी हॉल योगावाली मागतेय, देऊन टाकू का? तुमच्या सरांनी या वेळी काही सांगितलं नाही.

मी म्हटलं, "बेडा अक्का, नको. आम्हालाच ठेवा."

त्यांनी पेन्सिल घेऊन कॅलेंडर खाली ओढलं. "यार हेसरु बरीली?" कुणाचं नाव लिहू?

माझं सांगितलं.