फ्रीजरचे बटण कोणीही बंद करू नये

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त रसायनशास्त्रज्ञ, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तशी हिंमत असलेले बहुतेक जण माझ्याआधीच गेले. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्यापूर्वी डॉक्टरांनी मला तारीख विचारली. मी सांगितली. ते म्हणाले, चूक. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून त्यांनी दाखल्यावर मी सांगितलेलीच तारीख घातली. तेव्हा मन शाबूत आहे. यकृत नाही. उभी हयात मी ज्याच्या कामावर नजर ठेवली, त्याने आता काम बंद केले आहे.

निदान सांगताना याच डॉक्टरांनी माझ्या नजरेला नजर न देता विचारले, "बाई, राग मानू नका, पण कधी... घेत होता का?" यकृत गेले म्हणजे माणूस पीत असणार, यापुढे या मंडळींची अक्कल चाळीस वर्षांत सरकलेली नाही. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या दादाच्या खाटेपाशी तर एवढेही विचारले नव्हते, परस्पर लिहून टाकले होते. हे मृत्युपत्र मी मुख्यतः त्यासाठी लिहीत आहे.

कलम १. घर.
तिसऱ्या मजल्यावरचे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे हे घर माझे स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित असे मला फक्त नाक मिळाले, ते माझ्याबरोबर जाईल. माझ्या पश्चात घर माझ्या पुतण्यास, म्हणजे दादाच्या एकुलत्या एका मुलास, मिळावे. तो एका शाळेत मुख्याध्यापक आहे आणि माझ्याशीसुद्धा, मी वर्गात उशिरा आले असल्यासारखा बोलतो. तो मला फार आवडतो म्हणून घर देते, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. दादा असता तर त्याला दिले असते. घराला कोणतीही अट नाही. वकील यावर नाराज आहे. त्याचे कारण पुढे येईल.

कलम २. पुस्तके व किरकोळ वस्तू.
खालच्या मजल्यावरच्या बाई रोज सकाळी 'शरीरातली विषं बाहेर काढणारा' हिरवा रस पितात आणि जिन्यात गाठून मलाही आग्रह करतात. त्यांना माझे यकृतावरचे जाड पुस्तक द्यावे. त्या ते वाचणार नाहीत, पण रसाचा पेला ठेवायला उंची बरोबर आहे. विषे बाहेर काढायला यकृत आणि दोन मूत्रपिंडे आयुष्यभर फुकट राबतात, त्यांचे नाव या बाई घेत नाहीत. आभार मानतात ते रसवाल्याचे.

संस्थेने निरोपाला दिलेले घड्याळ माझ्या माजी संचालकांना परत करावे. ते पहिल्या आठवड्यातच बंद पडले. सोबत आइस्क्रीमचा एक चमचा द्यावा. चमचा कशाबद्दल, हे त्यांना कळेल. नाहीच कळले तर कलम ४ वाचून दाखवावे. त्यांनी नव्वदी ओलांडली आहे, तेव्हा मोठ्याने वाचावे.

कलम ३. माझे काम.
पुढचे कलम समजण्यासाठी हे समजायला हवे. थोडक्यात सांगते. संचालकांना सविस्तर सांगूनही कळले नव्हते.

अंगात विषारी रसायन गेले की यकृत त्याचे रूप बदलते, म्हणजे ते पाण्यात विरघळून लघवीवाटे बाहेर जावे. बहुतेक वेळा हे जमते. काही रसायनांचे मात्र रूप बदलताना मधल्या टप्प्यावर मुळापेक्षा वाईट काहीतरी तयार होते, आणि त्याचा पहिला घाव यकृतावरच बसतो. मूळ रसायन रक्तातून लवकर नाहीसे होते. बदललेले रूप लघवीत काही दिवस सापडते. तेव्हा माणसाच्या अंगात काय गेले हे पाहायचे असेल तर रक्तात मूळ रसायन हुडकत बसू नये, शरीराने त्याचे काय केले ते लघवीत पाहावे. एवढेच माझे शास्त्र आहे. त्यापायी मी नोकरीभर लघवीच्या बाटल्या वाहिल्या आणि नातेवाइकांनी माझ्याकडे जेवायला येणे टाळले. स्वयंपाकाचा त्रास वाचला.

कलम ४. फ्रीजर आणि त्यातले नमुने.
दादा यंत्राचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, धुलाई खात्यात होता. भागांवरचे तेल काढायला ते गोडसर वासाच्या एका द्रावणात बुडवून काढायचे, हे त्याचे काम. टाक्या उघड्या आणि खिडक्या बंद. संध्याकाळी घरी आला की त्याच्या सदऱ्याला तो वास असे, आणि वहिनी तो सदरा वेगळा वाळत घाली. मी सांगितले म्हणून तो आणि त्याच्या खात्यातले आणखी काही जण शनिवारी पाळी सुटल्यावर मला नमुने देऊ लागले. बाकीचे लाजत. दादा बाटलीवरच्या चिठ्ठीत नाव आणि तारीख घाली, आणि खाली आपल्या गोल अक्षरात लिही: छोटीस सप्रेम भेट.

"दादा, हा शास्त्रीय नमुना आहे," मी चिडायची.

"मग शास्त्रीय भेट म्हण. बाकीच्या बहिणी भावाकडे कपडे मागतात, तू हे मागतेस. मी काय करू?"

माझ्या तक्रारीवरून कारखान्याने आमच्या संस्थेला तपासणीला बोलावले. आमचे संचालक स्वतः गेले. त्यांनी कामगारांचे रक्त घेतले, तेही सोमवारी सकाळी, सुट्टीनंतर, कोणी टाकीजवळ जाण्याआधी. रक्तात द्रावण सापडले नाही, सबब कामगार सुरक्षित, असा अहवाल त्यांनी दिला. चोर पसार झाल्यावर घरात शिरून 'इथे तर कोणीच नाही' म्हणावे, तसला हा प्रकार. हे अज्ञान होते की हुशारी, याचा मी पुष्कळ विचार केला. हुशारीचा त्यांच्या ठायी दुसरा कोणताही पुरावा मला आढळला नाही.

अहवालाबद्दल त्यांचा सत्कार झाला. त्या दिवशी आइस्क्रीम ठेवायला जागा हवी म्हणून संस्थेच्या फ्रीजरमधले माझे नमुने बाहेर काढून ओट्यावर ठेवले गेले. मी पोहोचले तेव्हा सगळे वितळून कोमट झाले होते. लघवीच्या फ्रीजरमधले ते आइस्क्रीम संचालकांसह सर्वांनी मिटक्या मारत खाल्ले. कोणीतरी मलाही दिले. मी नको म्हटले, तर संचालक म्हणाले, "बाईंना आनंद साजरा करता येत नाही."

मात्र प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग दुसऱ्या जागी ठेवावा, असा आमच्या कामाचा नियम आहे. तो पाळणारी संस्थेत मी एकटीच होते. माझा अर्धा भाग घरी होता आणि आजही आहे. फ्रीजर बदलले, बाटल्या त्याच आहेत.

सत्कारानंतर काही महिन्यांतच दादाचे डोळे पिवळे झाले, पोट फुगले. जो माणूस चहासुद्धा अर्धा कप घ्यायचा, त्याच्या कागदावर इस्पितळात 'मद्यपान' असे लिहिले. कारखान्याला हेच हवे होते. दादा गेला. वहिनी गप्प बसली, कारण गप्प बसली तर कंपनीची खोली राहणार होती आणि पदरात सहा वर्षांचे पोर होते. तिच्यावर मी बरीच वर्षे दात खाल्ले. आता ती नाही, आणि तिच्या जागी मी काय केले असते हे मला खात्रीने सांगता येत नाही. पोर मात्र 'बाप दारूने गेला' हे ऐकत वाढले, मुख्याध्यापक झाले, आणि आता दरवर्षी शाळेत व्यसनमुक्तीवर भाषण देते. भाषणातले उदाहरण म्हणजे माझा दादा.

दारूचेही रूप शरीर बदलते. दारू उतरून गेली तरी ते बदललेले रूप दोनतीन दिवस लघवीत राहते. माझ्या नोकरीत ते मोजायची सोय नव्हती. मी निवृत्त झाले आणि सोय आली, हेही नेहमीप्रमाणेच. दादाच्या बाटल्यांत द्रावणाचे रूप किती आणि दारूचे किती, हे आज सांगता येते. पण प्रयोगशाळेला मुलाची लेखी संमती लागते. आणि बहिणीने तपासून 'माझा भाऊ प्यायचा नाही' म्हटले तर त्याला कोणी निकाल म्हणणार नाही.

म्हणून फ्रीजर आणि सर्व नमुने मी पणशास्त्रींच्या स्वाधीन करते. हे त्यांचे खरे नाव नव्हे. माझ्या प्रत्येक व्याख्यानाला हे गृहस्थ मागच्या रांगेत उठत आणि 'पण' म्हणत. माझा निबंध त्यांनी तीनदा परत पाठवला. तिन्ही वेळा त्यांचे म्हणणे बरोबर होते, याबद्दल मी त्यांना क्षमा केलेली नाही. माझ्यावर माया असलेली माणसे या बाटल्या जपून ठेवतील आणि कधीच उघडणार नाहीत. हा माणूस मला खोटे पाडायच्या आशेने उघडेल, आणि मोजताना एका थेंबाचीही लबाडी करणार नाही. मागच्या आठवड्यात त्यांना बोलावून विचारले.

"ठेवतो," ते म्हणाले. "पण बाई, इतकी वर्षं लाईट कधी गेलीच नाही?"

"गेली. दर वेळी बर्फ भरला. फ्रीजवाल्याला विचारा."

"पण समजा, दादांच्या बाटलीत दारू निघाली तर?"

मी त्यांना हाकलून देणार होते. मग लक्षात आले, की हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलेला नाही. मला भीती वाटत होती. अजूनही वाटते.

"निघाली तर निघाली असं लिहा," मी म्हटले.

ते उठले आणि पहिल्यांदाच 'पण' न म्हणता गेले.

कलम ५. संमती.
मागच्या वर्षी मी संमतीचा कागद घेऊन पुतण्याच्या शाळेत गेले. नेमके भाषण चालू होते. मी सभागृहात मागे उभी राहून ऐकले. "माझे वडील दारूने गेले. मी सहा वर्षांचा होतो." नंतर टाळ्या. बापाला दरवर्षी असा माईकवरून मारून टाळ्या घेणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही. मग त्याच्या खोलीत बसलो.

"आत्या, आता कशाला उकरून काढतेस?"

"तुझा बाप पीत नव्हता."

"तू त्यांची बहीण आहेस. तू दुसरं काय म्हणणार?"

"तू मुलगा आहेस. तू काय म्हणतोस ते ऐकलं आत्ता."

"मी त्या गोष्टीवर उभा राहिलोय, आत्या. ती काढून घेतलीस तर पोरांना काय सांगू? द्रावणापासून लांब राहा?"

"हो. का नाही?"

त्याने कागद घडी घालून माझ्या पिशवीत परत ठेवला आणि शिपायाला चहा सांगितला. मी चहा घेतला नाही.

वकील म्हणतो, घर संमतीच्या अटीवर द्या, सही धावत येईल. वकिलाला नमुना घेण्याआधी बाटली धुतात हे माहीत नसावे. घराच्या लोभाने केलेली सही मला नको. निकाल काहीही लागो, घर त्याचेच. माझी फक्त विनंती आहे, आणि विनंती करायची मला सवय नाही, तेव्हा ती नीट वाचावी. त्याने सही केली आणि निकाल आला, तर तो काहीही असो, त्याने तो त्याच सभागृहात, त्याच माईकवरून, त्याच आवाजात वाचावा. दादा सहा वर्षे बाप होता, त्यापुढे चाळीस वर्षे दारुडा. ही चाळीस वर्षे मला सहन झालेली नाहीत.

कलम ६. देह.
देह वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा. यकृत पणशास्त्रींनी आधी पाहावे. कागदावर 'मद्यपान: नाही' असे डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांदेखत, मी जिवंत असतानाच लिहून द्यावे.

कलम ७.
हे कलम ठरलेले नव्हते. वरचे लिहून होते न होते तोच पुतण्या आला. आजारी माणसाला भेटायला नेतात तशी फळांची पिशवी घेऊन. मला कोरड पडली होती म्हणून म्हटले, बर्फ आण. चुकून त्याने फ्रीजऐवजी शेजारचा फ्रीजर उघडला. या घरात येऊन त्याने ते दार कधी उघडले नव्हते. बराच वेळ झाला, हा उघड्या दारापाशी उभाच.

"दार लाव, गारवा जातोय," मी ओरडले.

"हे बाबांचं अक्षर आहे?"

"हो."

"असं लिहायचे? लघवीच्या बाटलीवर?"

"प्रत्येक बाटलीवर. मी किती ओरडले तरी."

तो हसला. नाकातून, दादा हसायचा तसा. मग हसू थांबले, आणि त्याने अंगठ्याने चिठ्ठीवरचे हिम पुसून ती पुन्हा वाचली.

"आत्या," तो म्हणाला, "लाईट गेली तर हे किती वेळ टिकतं?"

घरच्या माणसाने हा प्रश्न मला आजवर विचारला नव्हता. मी सांगितले. त्याने बाटली होती तशी जागेवर ठेवली, दार लावले, नीट बसले का ते तळहाताने दाबून पाहिले, आणि बर्फ आणायचा विसरला. संमतीचा कागद टेबलावर आहे, सही अजून व्हायची आहे.

येथवर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले. एकही शब्द मागे घ्यायचा नाही. खाली सही करते.

सही: (छोटी)

साक्षीदार पहिला: डॉक्टर. 'मद्यपान: नाही' असे लिहून सही केली.
साक्षीदार दुसरा: फ्रीज दुरुस्त करणारा. दाराचे रबर नवीन बसवून सही केली.

ठिकाण: स्वयंपाकघर, फ्रीजरशेजारी.
तारीख: आजची. डॉक्टरांनी कॅलेंडर पाहून घालावी.