भेस्तानच्या लॉनवरचा ट्रॅक्टर

१८ सप्टेंबर

जयश्री, आज कामावर रुजू झालो. वही मुद्दाम जाड आणली आहे. फोनवर बोलताना तुझं निम्मं लक्ष आईच्या हाकेकडे असतं, म्हणून इथलं सगळं लिहून ठेवणार. राहायला आलीस की निवांत वाच, आणि मग म्हण की नवरा नुसत्या बाता मारतो.

जागा भेस्तानला आहे, चहूबाजूंनी कारखाने. इथे पार्टी प्लॉट म्हणतात, म्हणजे लग्नं लावायचं मोकळं आवार. पुढे फाटक, मध्ये मोठं लॉन, मागे गोदाम आणि त्याला चिकटून माझी खोली. खोलीला लोखंडी दार, वर पंखा, आणि खिडकीतून पार फाटकापर्यंत दिसतं. उधन्याला आम्ही यंत्रमागावरची माणसं एकाच खोलीत पाळीपाळीने झोपायचो, त्यापुढे हा राजवाडाच. प्लॉट मध्यंतरी बंद होता. तुळशीच्या लग्नानंतर मालक धनसुखशेठना तो पुन्हा चालू करायचा आहे. सध्या गवत माझ्या कमरेला लागतं.

शेठचं म्हणणं सरळ आहे. गोदामात गवत कापायचा एक छोटा ट्रॅक्टर पडून आहे, परदेशी. तो दिवाळीआधी चालू करून दाखव, मग ही खोली तुझी, बायकोला घेऊन ये. मी लगेच हो म्हटलं. ट्रॅक्टर दुरुस्त करता येतो का, हे त्यांनी विचारलं नाही, मग मी तरी कशाला सांगू? इतकी वर्षं माग चालवले, हे तर खेळणं.

राखणदार सुकलालबाबा आपल्याकडचे, पारोळ्याचे निघाले. अहिराणी कानावर पडली आणि जीव निवाला. ट्रॅक्टरचं नाव काढल्यावर मात्र म्हणाले, विळ्याने काप, हाताने उपट, पण त्याच्या वाटेला जाऊ नकोस. म्हातारा घाबरट दिसतो.

२१ सप्टेंबर

आज पाहिला. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा, वर गोणपाट. रंग मूळचा लाल असावा. उंची माझ्या छातीपर्यंतही नाही. एक सीट, एक स्टिअरिंग, आणि पोटाखाली ताटाएवढी दोन पाती. बॉनेट उघडलं तर आत उंदरांचं आख्खं घर! कापसाच्या गाद्या, साडीच्या चिंध्या. आपल्या पहिल्या संसारापेक्षा बरा थाट होता.

टायर बसलेले, बॅटरी मेलेली, पेट्रोलचा वास रॉकेलसारखा. मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि त्यातला बुवा म्हणेल तसं करत गेलो. प्लग काढून आत तेल सोडलं, दोन्ही हातांनी इंजिन फिरवलं. हललं! मी एकटाच टाळ्या पिटत नाचलो. बाबा दारातून पाहत होते, ते निघून गेले.

२७ सप्टेंबर

कार्बोरेटर खोलला. आत जुन्या पेट्रोलचा गुळासारखा चिकट थर. साफ केला, जोडला, तर एक स्प्रिंग हातात उरली. पुन्हा खोलला. असं दिवसभर. नवी बॅटरी बसवली, नवा पट्टा घातला, तरी ढिम्म. सीटखाली एक बटण असतं. माणूस बसला की ते दाबलं जातं आणि तेव्हाच इंजिन सुरू होतं. तेच बिघडलं असेल म्हणून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या. तरी नाही.

शेठचा फोन येऊन गेला. दिवाळीनंतर दुसरा माणूस बघतो म्हणाले. रागाने ट्रॅक्टरला लाथ घातली, अंगठा सुजला. जयश्री, तुला इथे आणायचंच आहे. वर्ष झालं, तू तिकडे आणि मी इकडे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सुकलालबाबा सणाला लेकीकडे बमरोलीला गेले. मी हत्यारं धुतली. विळे, कुदळी, पाने, सगळी पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. ट्रॅक्टर मात्र तसाच भिंतीकडे तोंड करून. मला कसंतरी वाटलं. सगळ्यांना मान आणि यालाच नाही? ढकलून बाहेर काढला, पुसला, हार घातला. बघतो तर पुडीतलं कुंकू संपलेलं.

सकाळी पाना सटकून माझं बोट फुटलं होतं. ढकलताना ते पुन्हा वाहायला लागलं. सणाला कपाळ कोरं कसं ठेवायचं म्हणून त्याच बोटाने बॉनेटवर टिळा ओढला, पुढ्यात नारळ फोडला. आजच्या दिवशी यंत्राला विश्रांती द्यायची असते, हे ठाऊक असूनही हात किल्लीकडे गेला.

जयश्री, पहिल्या झटक्याला चालू झाला! मी ओरडलो, अंगणभर धूर झाला, डोळ्यांत पाणी आलं. आता तू बॅग भरायला घे.

३ ऑक्टोबर

बाबा परतले. टिळा पाहिला. म्हणाले, "आरे भाऊ, हाई काय करं तू? तू त्याले चटक लाई दिनी."

मग सगळं सांगितलं. माझ्याआधी इथे रघुनाथ नावाचा माळी होता. पात्यांत अडकलेलं गवत काढायला तो इंजिन बंद न करताच खाली वाकला. ट्रॅक्टर पुढे सरकला. जे उरलं ते ताडपत्रीत भरून न्यावं लागलं. ज्या यंत्राने माणूस खाल्ला त्याला खंडेनवमीला कुंकू लावत नाहीत, तोंड भिंतीकडे करून उपाशी ठेवतात, ही आपल्या लोकांची रीत. मी त्याला नुसतं पुजलं नाही, रक्त चाखवलं.

मी हसण्यावारी नेलं. बाबांनी रॉकेलचा बोळा घेऊन टिळा खूप घासला. निघाला नाही.

५ ऑक्टोबर

निम्मं लॉन कापून झालं. काय दिसतंय! शेठ येऊन गेले, खूश. खोली पक्की म्हणाले आणि यात्रेला गेले. तू शनिवारी निघते म्हणालीस. आज मी राजा आहे.

एकच गोष्ट लिहून ठेवतो. सकाळी तो चालू होत नव्हता. पट्टा तपासताना नख उलटलं, रक्ताचा थेंब पडला आणि लगेच सुरू झाला. दुपारी पुन्हा तसंच. योगायोग असेल.

७ ऑक्टोबर



दुपारी जेवायला बसलो होतो. किल्ली माझ्या खिशात. गोदामात इंजिन सुरू झालं. मी दारात येईपर्यंत तो उन्हात आला होता. सीट रिकामी, पण मधोमध दबलेली. भिंतीच्या सावलीत आवारात फिरणारी एक तांबडी कुत्री झोपली होती. पाती खाली उतरली आणि तो सरळ तिच्यावर गेला. ती एकदाच ओरडली. मग पात्यांचा आवाज जड झाला. भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत रक्त, केस, दातांसकट जबड्याचा तुकडा. तो मागे आला, पुन्हा गेला, परत मागे आला. काही शिल्लक उरलं नाही तोपर्यंत.

मग लॉनच्या मध्यात थांबला आणि बंद पडला. पोट भरल्यासारखा. मी हात लावला तरी हलला नाही. सीटच्या वायरी मीच जोडल्या होत्या, त्या सोडवल्या. आता कोणी बसल्याशिवाय चालणार नाही. भिंत धुतली. जेवण ओकलो.

९ ऑक्टोबर

काल दिवसभर गप्प होता. आज सकाळी बॅटरी काढली, पेट्रोल सांडून टाकलं. बाबा घण घेऊन आले. इंजिनच फोडू म्हणाले. त्यांनी बॉनेट उचललं, प्लगची वायर ओढायला हात घातला.

बॅटरी माझ्या पायाशी होती, जयश्री. तरी सुरू झाला.

पट्ट्याने मनगट धरलं. हात कोपरापर्यंत आत गेला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी त्यांना कमरेला धरून ओढत होतो आणि तो आत ओढत होता. ते ओरडत नव्हते, नुसतं माय, माय म्हणत होते. मग सुटले. हात आतच राहिला. माझ्या तोंडावर, डोळ्यांत गरम रक्त. आजूबाजूला कारखान्यांचा खडखडाट, कुणाला काही ऐकू गेलं नाही.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. जिवंत आहेत. मी परत आलो तेव्हा तो जागेवर शांत. बॉनेटवरचा टिळा ओला होता.

१० ऑक्टोबर

तुला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. कारण सांगितलं, तर तू हसलीस, मग रडलीस. तिकडे दुसरी कोणी ठेवली का म्हणालीस. अगं, कसं सांगू? उद्या येणारच म्हणून फोन आपटलास.

शेठना फोन लावला. म्हातारा बेफिकीर होता म्हणाले. यंत्र पुसून ठेव.

उद्या सकाळी निघतो. उधन्याच्या स्टेशनवरच तुला गाठतो, तिथूनच माघारी जाऊ. गेली खोली खड्ड्यात. आजचा दिवस तो गप्प आहे.

११ ऑक्टोबर

फाटक गाठता आलं नाही.

निम्म्या वाटेवर मागून आवाज. पळालो. गवत ओलं, पाय घसरला. उजवं पाऊल— चपलेसकट. घोट्याच्या खाली काही नाही. खोलीपर्यंत रांगत आलो. दाराला कडी घातली. तुझ्यासाठी आणलेली साडी पायाला आवळून बांधलीय. थांबत नाही.

दाराला धडका देतोय. बिजागरी हलते.

आता दूर गेला. खिडकीतून दिसतोय. सीट दबलेली. लॉनवर गोल फिरतोय. माझ्या पावलाने त्याचं भागलं नाही.

फोन तिकडे गवतात पडलाय. वाजतोय. तूच असशील. गाडीतून उतरलीस.

ओरडलो. खूप ओरडलो. कारखाने चालू आहेत.

पुन्हा वाजला. बंद झाला. आता रिक्षात बसली असशील. फाटक उघडंच आहे, परवा बाबांना रिक्षाने नेताना मीच उघडलं, लावलंच नाही. तू सरळ लॉनवरून येशील, हसत, बॅग घेऊन—

कुत्री खाल्ली, गप्प झाला. बाबांचा हात घेतला, गप्प झाला. पोट भरलं की गप्प होतो. आख्खा मी मिळालो तर तू येशील तेव्हा तो उभा असेल. नुसता उभा. एवढंच हवंय.

भीती वाटते गं. खूप वाटते. तुला बघायचं होतं.

वही खिडकीतून बाहेर टाकतो. सापडली तर इथे थांबू नकोस. मला शोधू नकोस. गवतात काही दिसलं तर बघू नकोस. त्याला—

भिंत धरून उभा राहिलो. वही कठड्यावर टेकलीय. कडी काढली. त्याने ऐकलं. वळला. येतोय. ये, रे, ये इकडे—

रिक्षाचा हॉर्न. इतक्यात?

फाटकात तू. हिरवी साडी. तो थांबला. तोंड तिकडे फिरवतोय— नाही, नाही, इकडे, रक्त इकडे आहे— जयश्री, मागे हो, मी येतोय, मी त्याला—