वाचणारं कोणी हवं

३ मार्च
आलो एकदाच्या फान रांगला! वारा असा की बांगूची टोपी उडून शेजारणीच्या द्राक्षमांडवावर जाऊन बसली. माझी लेक सहा वर्षांची, पण दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. शेजारीण म्हणाली, हिला रेडिओत नोकरी लावा. काम मनासारखं मिळालंय. व्हिएतनामातल्या आम्हा चाम लोकांच्या घराघरांत विखुरलेल्या पोथ्यांचे फोटो काढायचे आणि चार ग्रंथालयांनी मिळून ते जपायचे. जुनी लिपी मला वाचता येत नाही, पण फोटो काढायला ती कशाला लागते?

९ मार्च
आज एका पोथीसाठी हानआजोबांकडे गेले होते. पोथीची करंडी आढ्याला टांगलेली. विडा, अंडी, तांदळाची दारू मांडल्यावरच खाली उतरली. आजोबांची दृष्टी गेलीय, मुलं सायगॉनला. घरात वाचणारं कोणी उरलं नाही म्हणून ते पोथी नदीत सोडणार होते. तशी रीतच आहे, नाहीतर पोथीत भलतंच कोणीतरी राहायला येतं. मी म्हटलं, संगणकात ती कायमची राहील.

"राहील गं पोरी, पण वाचणार कोण?"

मी हसण्यावारी नेलं. फोटो झाल्यावर त्यांनी विधी करून पोथी सोडलीच.

१७ मार्च
फोटो चारही ग्रंथालयांत पोचले. साहेब खूश. दुपारी बांगू माझ्या टेबलाखाली चित्रं काढत बसली होती, आणि मधेच काहीतरी संथ म्हणायला लागली, पुजारी म्हणतात तसं. काय म्हणतेस विचारलं, तर म्हणाली मी नाही म्हणत, आई.

२० मार्च
थांबतच नाही. भाताचा घास तोंडात तसाच. डॉक्टरांना काही सापडत नाही. हानआजोबांना फोनवर ऐकवलं, ते रडले. तीच पोथी आहे म्हणाले, ओळ न् ओळ. पोथी सोडली, पण तिच्या प्रती सोडल्या कुठे? त्यांत जे शिरलंय त्याने वाचणारं शोधलं. मला फार भीती वाटते.

२२ मार्च
माझी प्रत पुसली. ग्रंथालयांना पुसा म्हणून कळवलं. उत्तर आलं, तुमची प्रत गेली तरी काळजी नसावी, आणखी सात ग्रंथालयांना प्रती दिल्या आहेत. सात! बांगूच्या घशातून रक्त येतंय. पाणीसुद्धा गिळू देत नाही ते—

२३ मार्च
एका ग्रंथालयाची प्रत पडद्यावर उघडली. म्हटलं, तिला सोड, मला घे. आणि मी वाचायला लागले. एक अक्षर येत नसताना. बांगू गप्प झाली. पाणी प्यायली.

२४ मार्च
शेवटचं पान संपलं की पहिलं. मी थांबले की तिचे ओठ हलतात.

२५ मार्च
तोंड वाचतंय, हात मोकळा आहे, म्हणून लिहिते. बांगू झोपलीय. माझा आवाज बसत चाललाय. आता नुसती कुजबुज— ऐकू जातंय ना रे तुला? मी वाचतेय. मीच वाचतेय, तिच्याकडे नको— बांगूने डोळे उघडले. बाळा, तोंड मिटून घे, तोंड