पुढं बटणाचा, मागं तुझा

येरमाळा
दि. २४ नोव्हेंबर २०२५

दादा,

नमस्कार. आई बरी हाय, आप्पांचा गुडघा बरा हाय, तुरीला फुलं लागलीत, तूही बरा असशील. एवढं लिहिलं म्हणजे रीत झाली. आता ऐक. आणि हे पत्र हाय, त्यामुळं मधेच "बरं बरं, नंतर बोलू" म्हणून तुला फोन ठेवता येणार न्हाय.

चाचणी झाल्यापासून तीन आठवड्यांत तुझा एकच मेसेज आला. "लाईन चुकवली असशील." बस्स, एवढंच. दगडांतून सायकल कुठून काढायची ती वाट म्हणे मी चुकवली! देवीच्या डोंगरामागं जिथं मी चार वर्षं रोज सायकल मारते, तिथं? तू पुण्यात गुळगुळीत रस्त्यानं कंपनीत जातोस आणि मला माळाची वाट शिकवतोस व्हय? वाचून डोक्यात तिडीकच गेली.

पहिल्यापासून सांगते, कारण तू सोयीनं विसरशील. जिल्ह्याच्या सायकल निवडचाचणीला दहा दिवस होते. माझ्या सायकलला रेवणप्पांच्या दुकानातले बटणाचे टायर होते, अंगभर जाड गुठळ्या असलेले. जड हायत, कबूल. चढावर जीव काढतात. पण जाड हायत, आणि या दिवसांत त्या माळावर सराट्याचे काटे वाळून पडलेले असतात हे तुला मी सांगायचं का? लहानपणी अनवाणी पळताना तूच पाय धरून बोंबलत बसायचास. तरी तुझं पार्सल आलं. बारीक नक्षीचे, पातळ, हलके टायर. न विचारता! मी फोनवर म्हटलं, दादा, हे रस्त्याला ठीक, माळाला न्हाय. तू काय म्हणालास? "तुला टायरमधलं काय कळतंय गं? लावून बघ, वाऱ्यासारखी जाशील." आणि लगेच आप्पांना फोन. आप्पा म्हणाले, दादानं एवढ्या मायेनं पाठवलेत, लाव.

पाय माझे, चाचणी माझी, एकोणीस वर्षांखालच्या गटातलं शेवटचं वर्ष माझं. आणि टायर ठरवले कुणी, तर तू आणि आप्पांनी. टायर चढवताना रेवणप्पा एकटेच म्हणाले, "पोरी, तू सांग, बसणार तू हायस." मी म्हटलं, लावा.

का म्हटलं? कारण तू येतो म्हणाला होतास. चुन्याच्या वळणावर उभा राहतो म्हणालास. तू एवढ्या लांबून येणार आणि तुझे टायर घरात खिळ्याला टांगलेले, हे मला बरं वाटंना. आणि तू आलाच न्हायस. मीटिंग होती म्हणे. रविवारी!

तुझे टायर पळाले, दादा. हे लिहायला लई जड जातंय, पण पळाले. चढावर मी सगळ्या पोरींना मागं टाकलं. सतराव्या किलोमीटरला मागं वळून बघितलं तर कुणी दिसतच नव्हतं. मग वळण आलं. तिथं दोन म्हाताऱ्या शेळ्या घेऊन उभ्या होत्या, तू न्हाय. पुढं शंभर पावलांवर मागचं चाक फुसफुसलं. सराटा.

घरी येऊन मी काय सांगितलं ते तुला माहीत हाय. टायर फाटला, दादाच्या टायरनं घात केला. आप्पांनी तुला फोनवर झाड झाड झाडलं, तेव्हा मी शेजारीच उभी होते. खरं सांगते, मला बरं वाटलं.

टायर फाटला नव्हता.

माझ्या पाठीवरच्या पिशवीत ट्यूब होती, पंप होता. पाच मिनिटांचं काम, डोळे झाकून करते मी ते. पण तो फुसफुस आवाज ऐकला आणि पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद झाला. आता कळंल दादाला, म्हटलं. सायकल आडवी टाकली आणि हिवराच्या झाडाखाली बसले.

थोड्या वेळानं परंड्याची करिश्मा आली. तिचे दोन्ही टायर बटणाचे, मला पाहिजे होते तसलेच. तिलाही तिथंच सराटा लागला! तिचा पंप चालंना. म्हणाली, "पंप दे गं जरा." मी दिला. तिनं ट्यूब बदलली, हात चड्डीला पुसले आणि म्हणाली, "आणि तू का बसलीस?" मी म्हटलं, "माझा टायरच फाटलाय." "अरेरे," म्हणाली आणि निघाली. तीच पहिली आली. तेवढ्या वेळात मी दोनदा ट्यूब बदलली असती.

हे वाचून तू खूश होऊ नको. मी माफी मागत न्हाय. न विचारता टायर पाठवणं चूक, आप्पांना मधे घालणं चूक, आणि येतो म्हणून न येणं लईच चूक. त्याचा राग अजून गेलेला न्हाय. पण तुझी चूक दाखवायला मी माझीच चाचणी घालवली. असली येडी गावात दुसरी सापडायची न्हाय.

दुसरी चाचणी १४ डिसेंबरला हाय, वाट तीच. त्यात न्हाय झालं तर या गटातनं मी बाहेर. या वेळी टायर मी ठरवलेत, कुणाला विचारलं न्हाय. पुढं बटणाचा, कारण उतारावर खडीत पुढचं चाक घसरलं की संपलं. मागं तुझा, कारण चढावर तो पळतो, आणि सराट्यासाठी रेवणप्पांनी आतून जुन्या ट्यूबची पट्टी घातलीय. तुझा दुसरा टायर या पत्रासोबत परत पाठवतेय. त्या दिवशी मागं होता तोच. सराटा मी काढलेला न्हाय. बोट फिरवून बघ, एकच भोक हाय.

आप्पांना काल सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्याला तू लिही. मी उगंच लई बोललो त्याला."

१४ तारखेला यायचं असंल तर ये, आणि येतो म्हणालास तर मात्र ये. सराटा लागला तर मी उतरून ट्यूब बदलणार हाय. तू वळणावर असलास तरी, नसलास तरी.

वळणापुढं शंभर पावलांवर बसून राहिलेली
तुझी
महेश्वरी